भूरूपं आणि डायनासोर, हातात माती घेऊन: पालकांचे आणि बालवाडीतल्या ताईंचे नेहमीचे प्रश्न

तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर माती, वाळू आणि पाणी घेऊन काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे खरोखरच सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

भूरूपं (म्हणजे बेट, सरोवर, नदी, डोंगर असे जमिनीचे आणि पाण्याचे आकार) आणि डायनासोर हे दोन वेगळे विषय. ते एकत्र का घ्यायचे?

कारण डायनासोर आपल्याला माहीत झाले ते जमिनीमुळे. प्राणी मेला, नदीनं त्याच्यावर गाळ आणून टाकला, थरावर थर चढले, गाळाचा खडक झाला. मग कितीतरी काळानं वाऱ्यापावसानं तो खडक झिजवला आणि एक हाड बाहेर डोकावलं. या गोष्टीत डायनासोर मधेच थोडा वेळ येतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत असते ती जमीन. पाणी माती वाहून नेतं आणि दुसरीकडे नेऊन ठेवतं, हे ज्या मुलानं स्वतःच्या हातानं करून पाहिलंय त्याला जीवाश्म म्हणजे काय हे समजावताना फार शब्द लागत नाहीत. ज्यानं पाहिलेलं नाही त्याच्यासाठी जीवाश्म म्हणजे 'जमिनीत ठेवलेलं हाड' एवढंच राहतं, आणि मग 'कुणी ठेवलं?' हा त्याचा प्रश्न अगदी रास्त असतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी पाणी आणि वाळू, नंतर हाडं. मुलांना पहिल्या दिवसापासून डायनासोर हवे असतात हे मलाही ठाऊक आहे. खेळण्यातले डायनासोर वाळूत फिरू देत, नदीवर पाणी पिऊ देत. फक्त जीवाश्मांचं बोलणं नदी वाहून झाल्यावर काढायचं.

कोणत्या वयात सुरू करावं?

अडीच-तीन वर्षांची मुलं ओततात, थापतात, पुरतात आणि पुन्हा काढतात. त्यांच्यासाठी तेवढंच पुरे. चार वर्षांची मुलं 'बेट' आणि 'सरोवर' यांतला फरक सांगू लागतात. पाच-सहाच्या मुलांना मोजायचं असतं, नकाशा काढायचा असतो, नावं पाठ करायची असतात. एकाच ट्रेभोवती तिन्ही वयांची मुलं बसली तरी बिघडत नाही, प्रत्येक जण आपापल्या पुरतं काम त्यातून काढून घेतो.

भूरूपांची सुरुवात नेमकी कुठून करायची?

बेट आणि सरोवर या जोडीपासून. मॉन्टेसरी पद्धतीच्या वर्गांमध्ये जमीन आणि पाण्याचे आकार असे जोडीनं शिकवतात: बेट आणि सरोवर, द्वीपकल्प आणि आखात, संयोगभूमी आणि सामुद्रधुनी. मारिया मॉन्टेसरींनी आपलं पहिलं बालगृह १९०७ साली रोममध्ये सुरू केलं. तिथून पुढे वाढत गेलेल्या या पद्धतीतली ही जोड्यांची कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण त्यात एक आकार दुसऱ्याच्या पोटातून निघतो.

दोन सारखे पसरट ट्रे घ्या. एका ट्रेमध्ये चिकणमाती काठापर्यंत थापून भरा. मुलाला मधोमध चमच्यानं एक मोठा गोळा खणून काढायला सांगा. तो गोळा उचलून दुसऱ्या, रिकाम्या ट्रेच्या मध्यभागी ठेवू द्या. आता लहान तोंडाच्या भांड्यातून दोन्हीकडे पाणी ओतायचं. पहिल्या ट्रेत खड्ड्यात पाणी साठलं, सगळीकडे जमीन: ते सरोवर. दुसऱ्यात गोळ्याभोवती पाणी: ते बेट. जी माती तिथून गेली तीच इथे आली. हे उमगतं त्या क्षणी बहुतेक मुलं पाणी ओतायची थांबतात आणि दोन्ही ट्रेकडे आळीपाळीनं बघत राहतात. त्या वेळी कृपा करून काही बोलू नका.

दोन बारीक गोष्टी. माती ट्रेच्या तळाशी आणि कडांशी नीट दाबून बसवली नाही तर पाणी खालून झिरपतं आणि सरोवर पाच मिनिटांत रिकामं होतं. आणि पाण्यात निळ्या रंगाचा एकच थेंब टाका. जास्त टाकला तर मातीही निळी होते आणि जमीन-पाण्याची सीमाच पुसली जाते.

नाव सांगायचं ते सगळ्यात शेवटी, तेही तीन पायऱ्यांनी. आधी 'हे बेट आहे.' मग, शक्यतो दुसऱ्या दिवशी, 'बेट कुठंय, दाखव.' आणि बऱ्याच दिवसांनी, 'हे काय आहे?' तिसऱ्या प्रश्नाची घाई झाली की मूल अंदाज बांधायला लागतं आणि आपल्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं.

द्वीपकल्प, संयोगभूमी हे शब्द लहान मुलांना जड नाही का होत?

जे मूल 'पॅकिसेफॅलोसॉरस' हे डायनासोरचं नाव न अडखळता म्हणतं त्याला 'द्वीपकल्प' जड कसा होईल? शब्द उलगडून दिला की तो हलका होतो. द्वीप म्हणजे बेट, आणि 'कल्प' म्हणजे इथे 'जवळजवळ तसंच'. म्हणजे द्वीपकल्प हे जवळजवळ बेट. तीन बाजूंना पाणी, एका बाजूनं अजून जमिनीचा हात धरलेला.

संयोगभूमी तर नावातच जोडते. दोन मोठ्या जमिनी आणि मधे मातीची चिंचोळी पट्टी करा. पनामाची संयोगभूमी अशीच उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडते. तिथे जहाजांसाठी १९१४ साली कालवा खुला झाला, हे सांगितलं की पुढचं काम मुलं स्वतःच करतात: चमचा घेऊन पट्टी कापतात आणि खेळण्यातली होडी पलीकडे नेतात. पट्टी पूर्ण कापली गेली की ती जागा सामुद्रधुनीसारखी, म्हणजे दोन समुद्रांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पाण्यासारखी दिसते, हेही कुणीतरी लक्षात आणून देतंच.

वाळूत नदी तयार करायची तर नेमकं काय करावं?

माझ्या मते या सगळ्या उपक्रमांतला हा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लांबट ट्रे घ्या, त्यात ओली केलेली बारीक वाळू तीन-चार सेंटिमीटर जाडीनं थापा. खालच्या टोकाला थोडी जागा मोकळी ठेवा, तो समुद्र. वरच्या टोकाखाली एक जाड पुस्तक किंवा लाकडी ठोकळा सरकवा, चार-पाच सेंटिमीटर चढ पुरतो. बाटलीच्या झाकणाला एक भोक पाडून त्यातून पाणी सावकाश सोडायचं. धार जोरात आली तर सगळं एकदम वाहून जातं आणि बघण्यासारखं काही उरत नाही.

आता काय काय दिसतं ते पाहा. पाणी आधी सरळ जातं, मग एखाद्या कठीण जागी अडून वळतं. वळणाच्या बाहेरचा काठ ढासळतो, आतल्या बाजूला वाळू साठते. खाली समुद्राशी पोचल्यावर पाण्याचा वेग मंदावतो आणि ते उचलून आणलेली वाळू पंख्यासारखी पसरून टाकून देतं. तोच त्रिभुज प्रदेश. मुलांना शब्द नसला तरी 'नदीनं वाळू आणून ठेवली' हे ती आपणहून म्हणतात.

मग खेळ वाढवा. वाटेत एक दगड ठेवा, काठावर ठोकळ्याचं घर बांधा. ते घर पडतं. कुठे बांधलं असतं तर पडलं नसतं, यावर पाच वर्षांची मुलं अर्धा तास वाद घालू शकतात आणि तो वाद ऐकण्यासारखा असतो. एका मुलानं घर सरळ समुद्रात बांधलं होतं, 'इथे नदी दमलेली असते' म्हणून. वेगाबद्दल याहून चांगलं वाक्य मी मोठ्यांकडूनही ऐकलेलं नाही.

याला जोडून बाटलीचा प्रयोग जरूर करा. पारदर्शक बाटलीत थोडे खडे, थोडी वाळू, थोडी बागेतली माती आणि पाणी घालून घट्ट झाकण लावा आणि मुलांना हलवू द्या. मग बाटली एका जागी ठेवून द्या. खडे लगेच तळाशी जातात, त्यावर वाळू बसते, बारीक गाळ मात्र बसायला बराच वेळ घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थर स्पष्ट दिसतात. ही बाटली फेकू नका, जीवाश्मांच्या वेळी तीच लागणार आहे.

डोंगर कसे तयार होतात हे कसं दाखवता येईल?

जाडसर टॉवेल जमिनीवर पसरा, वर एक शिंपला ठेवा. दोन मुलांनी दोन टोकांकडून टॉवेल हळूहळू एकमेकांकडे ढकलायचा. मधे घड्या उठतात आणि शिंपला वर चढतो. हिमालय असाच, जमिनीचे दोन मोठे तुकडे एकमेकांवर रेटले जाऊन वर आला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्राच्या तळाशी तयार झालेला आहे आणि त्यात समुद्री जीवांचे अवशेष सापडतात. शिंपला डोंगरावर कसा गेला, तो चालत गेला नाही, हे टॉवेल ढकलल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी करावा की नाही? त्यातून चुकीचं शिकवलं जातं असं काही जण म्हणतात.

करावा, पण खरं काय ते सांगून करावा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे होतात आणि ते फेस बाहेर ढकलतात. खऱ्या ज्वालामुखीत सोडा नसतो, तिथे जमिनीखालचा वितळलेला खडक असतो. पण त्या वितळलेल्या खडकातही वायू कोंडलेला असतो आणि तो सुटताना जोर करतो, एवढं साम्य खरं आहे. 'हे ज्वालामुखीचं सोंग आहे' असं म्हटलं तरी मुलांची मजा तसूभरही कमी होत नाही.

फेस जिरल्यावर बहुतेकांचा उपक्रम संपतो, माझा तिथून सुरू होतो. प्रत्येक वेळी फेस वाहिला की त्या वाटेवर मातीचा पातळ थर थापायचा. पाच-सहा स्फोटांनंतर डोंगर उंच झालेला दिसतो. मेक्सिकोत १९४३ साली एका शेतात जमीन फाटली आणि तिथे पारिकुतिन नावाचा ज्वालामुखी वाढू लागला. १९५२ साली तो शांत झाला तेव्हा त्याची उंची ४२४ मीटर झाली होती. आणि आइसलँडजवळ १९६३ साली समुद्रातून ज्वालामुखीनं एक नवं बेटच वर काढलं, त्याचं नाव सुर्त्से. ही गोष्ट सांगितल्यावर मुलं आपला ज्वालामुखी बेटाच्या ट्रेत घेऊन जातात.

जीवाश्म घरी किंवा वर्गात कसे बनवायचे?

तीन वेगवेगळे प्रकार तीन वेगवेगळ्या दिवशी करा. एकाच दिवशी केले तर सगळ्याची खिचडी होते.

पहिला ठशाचा. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं, साधारण वाटीभर पाणी घालून घट्ट गोळा मळा. मळण्याचं काम मुलांचंच. पोळीसारखी, पण जाड चकती थापून तिच्यावर पान, शिंपला किंवा खेळण्यातल्या डायनासोरचा पाय दाबायचा आणि उचलायचा. दोन-तीन दिवस वाळू द्या, रोज एकदा उलटा. आता कुठला ठसा कुणाचा हे ओळखायचा खेळ करा. वस्तू गेली, खूण राहिली: पावलांचे जीवाश्म असेच असतात.

दुसरा साच्याचा. चिकणमातीत शिंपल्याचा खोल ठसा घेऊन त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचं आणि घट्ट झाल्यावर माती सोडवायची. प्लास्टर मोठ्यांनीच कालवावं. घट्ट होताना ते तापतं, त्यात हात बुडवून ठेवला तर भाजू शकतं. म्हणून हाताचा ठसा प्लास्टरमध्ये कधीही घेऊ नये. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नये, ते नळीत दगड होऊन बसतं.

तिसरा प्रकार मला सर्वांत आवडतो आणि तो फार कमी ठिकाणी केला जातो. स्पंजचा तुकडा हाडाच्या आकारात कापा. गरम पाण्यात जेवढं विरघळेल तेवढं मीठ विरघळवा, पाणी निवलं की स्पंज त्यात भिजवून ठेवा आणि नंतर वाळवा. पाणी उडून जातं, मीठ छिद्रांत बसतं आणि मऊ स्पंज कडक होतो. जमिनीखाली हाडाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं आणि त्यातली खनिजं तिथे साठत जातात. भिजवण्याआधीचा एक स्पंज बाजूला ठेवा. एका हातात मऊ, दुसऱ्या हातात कडक, हा अनुभव हवा.

या सगळ्यानंतर ती गाळाची बाटली काढा आणि विचारा, 'यात एखादा छोटा मासा मेला असता तर कुठे असता?' मुलं नेमक्या थरावर बोट ठेवतात.

वाळूत डायनासोर पुरून शोधायला लावणं पुरेसं आहे ना?

छान सुरुवात आहे, पण तो लपलेल्या खजिन्याचा खेळ झाला. थोडे बदल केले तर तो उत्खननाचा होतो. संपूर्ण खेळणं पुरू नका, मिठाच्या कणकेची हाडं करून पुरा आणि दोन-तीन मुद्दाम गाळा. खऱ्या शास्त्रज्ञांनाही सांगाडा क्वचितच पूर्ण मिळतो. वेगवेगळ्या रंगांच्या मातीचे दोन थर द्या. ट्रेवर दोऱ्यानं चौकोन आखा. फावडं नको, ब्रश आणि चमचा द्या. हाड दिसलं की उचलायच्या आधी कागदावर त्याच चौकोनात त्याचं चित्र काढायचं. हे शेवटचं मुलांना सुरुवातीला अजिबात आवडत नाही. दोन दिवसांनी ती एकमेकांना ओरडून सांगतात, 'उचलू नको, आधी काढ!'

इथे मेरी अ‍ॅनिंगची गोष्ट सांगा. इंग्लंडमधल्या लाइम रीजिस या समुद्रकाठच्या गावात राहणारी ही मुलगी. तिच्या भावाला १८११ साली कड्यात एक मोठी कवटी दिसली आणि पुढच्या वर्षी मेरीनं उरलेला सांगाडा शोधला, तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. तो इक्थिओसॉर होता, म्हणजे डायनासोर नव्हे, समुद्रात पोहणारा सरपटणारा प्राणी. वादळानं कडे ढासळले की त्यातून नवे जीवाश्म उघडे पडत आणि मेरी ते शोधायला जाई. समुद्र कडा कापतो हे वाळूच्या ट्रेत एका बाजूनं लाटा करून दाखवता येतं. कड्यात आधीच एक शिंपला दडवून ठेवा.

डायनासोर किती मोठे होते हे कसं कळावं? आकडे सांगून उपयोग होत नाही.

दोरी मोठी कामाची. शिकागोच्या फील्ड म्युझियममधला 'स्यू' नावाचा टायरॅनोसॉरस सुमारे १२ मीटर लांब आहे. तेवढी दोरी कापा आणि मैदानात पसरा. डिप्लोडोकससाठी सुमारे २५ मीटर. मग कॉम्प्सोग्नॅथससाठी एक मीटर, तोही शेपटीसकट. ही छोटी दोरी विसरू नका. सगळे डायनासोर अवाढव्य होते हा समज इथे जातो, आणि बुटक्या मुलांचे चेहरे उजळतात. दोरीवर मुलांना झोपवून मोजा: किती मित्र म्हणजे एक टायरॅनोसॉरस?

पावलांचाही हिशेब आहे. डायनासोरच्या पावलाच्या लांबीच्या साधारण चौपट उंचीवर त्याची कंबर असते, असा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात. तीन बोटांचं ५० सेंटिमीटर लांबीचं पाऊल कागदावर कापा आणि भिंतीवर २ मीटरवर खूण करा. मुलं मान वर करून बघतात. मग ओल्या वाळूत मुलांना आधी चालवा, मग पळवा. पळताना दोन ठशांमधलं अंतर वाढतं. न पाहिलेला प्राणी चालत होता की पळत होता, हे ठशांवरून ओळखायची युक्ती त्यांच्या पायांनाच कळते.

'किती वर्षांपूर्वी?' याचं उत्तर काय द्यावं?

तीन वर्षांच्या मुलाला 'आजीच्या आजीच्याही खूप खूप आधी, माणसं नव्हतीच तेव्हा' एवढं पुरतं. पाच-सहाच्या मुलांसाठी २३ मीटर लोकर घ्या. एक मीटर म्हणजे एक कोटी वर्षं. एका टोकाला सर्वांत जुने डायनासोर, साधारण २३ कोटी वर्षांपूर्वीचे. दुसरं टोक म्हणजे आज, आणि पुढची अंतरं या आजच्या टोकापासून मोजायची. १५ मीटरवर स्टेगोसॉरस. ६ मीटर ६० सेंटिमीटरवर पक्षी सोडून बाकीचे डायनासोर संपले, टायरॅनोसॉरस त्याच्या जरासाच आधीचा. आणि आपल्यासारखी माणसं? अगदी शेवटचे ३ सेंटिमीटर. तिथे लाल धागा गुंडाळा. टायरॅनोसॉरस हा स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा, हे लोकरीवर चालून बघितल्याशिवाय मोठ्यांनाही पटत नाही. चित्रात दोघांची मारामारी दाखवलेली असली तर मुलंच ती चूक पकडतात.

डायनासोर कोणत्या रंगात रंगवायचे? खरे कसे दिसत होते?

बहुतेकांचा रंग कळलेला नाही, त्यामुळे मुलाचा जांभळा ठिपक्यांचा ट्रायसेराटॉप्स चूक ठरवता येत नाही. पण काहींचा कळलाय. चीनमध्ये सापडलेल्या सिनोसॉरोप्टेरिक्सच्या अंगावर पिसांसारखं आवरण होतं. त्यातल्या रंगकणांचा अभ्यास करून २०१० साली शास्त्रज्ञांनी सांगितलं की त्याच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे होते. मातीच्या डायनासोरला कापूस आणि गळून पडलेली पिसं चिकटवण्याचा उपक्रम यावरून घ्या. पिसं आधी धुऊन, वाळवून घ्यायची.

मुलांना माझ्यापेक्षा जास्त नावं येतात. मी चुकीचं सांगितलं तर?

तर दुरुस्त करा, मुलांसमोर. शास्त्रज्ञही तेच करतात. गोबी वाळवंटात अंड्यांजवळ एक डायनासोर सापडला आणि १९२४ साली त्याचं नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. पुढे १९९०च्या दशकात तशाच एका अंड्यात त्याच्याच जवळच्या नातलगाचं पिल्लू सापडलं, आणि अशा डायनासोरचे घरट्यावर बसलेले सांगाडेही मिळाले. बिचारा चोर नव्हताच, तो अंडी उबवत होता. नाव मात्र नियमानुसार तेच राहिलं. ही गोष्ट ऐकून एका मुलीनं मातीचं घरटं केलं आणि बाजूला डायनासोर ठेवून त्याच्या कानात 'सॉरी' म्हटलं.

नावं टाळ्या वाजवत तोडून म्हणा आणि अर्थ सांगा. ट्रायसेराटॉप्स म्हणजे तीन शिंगांच्या तोंडाचा, व्हेलोसिरॅप्टर म्हणजे चपळ चोर. 'डायनासोर' हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली घडवला, अर्थ भयंकर सरडा. खरं तर डायनासोर सरडे नव्हते. आणि उडणारे टेरोसॉर हे डायनासोर नव्हेत, एवढं मात्र पाठ करून ठेवा, कारण तो प्रश्न येणारच.

'ते सगळे मेले का?' असं विचारून मूल रडवेलं होतं. काय सांगू?

खरं सांगा, थोडक्यात सांगा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी अवकाशातून जवळजवळ १० किलोमीटर रुंदीचा एक खडक येऊन आजच्या मेक्सिकोत आदळला. धुरळ्यानं सूर्य झाकला, झाडं सुकली, खाणं मिळेना. त्या आघाताचा खड्डा आज जमिनीखाली आणि समुद्राखाली दडलेला आहे, त्याला चिक्शुलूब म्हणतात. पण सगळे संपले नाहीत. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, शास्त्रज्ञ तर त्यांना डायनासोरच मानतात. खिडकीतून दिसणारा पहिला पक्षी दाखवा आणि त्याच्या पायांची तीन पुढची बोटं बघायला सांगा, ठशांमध्ये पाहिली होती तशी.

'आपल्यावर पडेल का दगड?' असं विचारलं तर 'असे मोठे दगड लांबूनच दिसावेत म्हणून माणसं रोज रात्री दुर्बिणीतून आकाश बघतात' हे उत्तर खरंही आहे आणि धीर देणारंही. मूल घाबरलेलं असेल तर खड्ड्याचा प्रयोग त्या दिवशी नको. दुसऱ्या कुठल्या दिवशी मैद्याच्या थरावर मोठा चेंडू टाकून खड्डा कसा होतो ते बघा.

माझं मूल मातीला हातच लावत नाही.

जबरदस्ती नको. चमचा, ब्रश, हातमोजे द्या. ओली माती घट्ट बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत भरून वरून दाबू द्या, डोंगर-दऱ्या तशाही होतात. टॉवेलचा डोंगर, लोकर, दोरी हे सगळं कोरडं काम आहे. काही मुलं तीन आठवडे नुसती शेजारी उभी राहून बघतात आणि एक दिवस एक बोट बुडवतात. त्या बोटाचं मोठं कौतुक करू नका, नाहीतर ते परत बाहेर निघतं.

सुरक्षिततेसाठी काय सांभाळायचं?

पाणी थोडं असलं तरी मुलांना त्याजवळ एकटं सोडायचं नाही, काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती साधारण तीन सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून आत जाईल अशी कुठलीही वस्तू नको, मग तो डायनासोर असो की खडा. मिठाच्या कणकेत मीठ भरमसाट असतं, ती पोटात जाता कामा नये. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही दूर ठेवा. बर्फात डायनासोर गोठवायचे असतील तर फुगा वापरू नका, फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकतो, वाटीत गोठवा. वाळू मांजर-कुत्र्यांनी घाण केलेली नसावी, वापर नसेल तेव्हा झाकून ठेवावी. कामानंतर साबणानं हात.

वर्गात पंचवीस मुलं आणि मी एकटी. हे कसं जमवू?

एका ट्रेभोवती चार-पाच मुलं, त्याहून जास्त नाही. ओलं काम एका वेळी एकच ठेवा, बाकीचे गट कोरड्या कामाला: दोरी, ठसे ओळखणं, चित्र. नदीचा ट्रे आठवडाभर तसाच राहू द्या म्हणजे आज संधी हुकलेल्या मुलाला उद्याची खात्री असते. धक्काबुक्की बहुतेक वेळा त्या खात्रीच्या अभावीच होते. पुसायची फडकी मुलांच्या उंचीवर टांगा. सांडलेलं पुसणं हाही कामाचाच भाग धरला की ताईची निम्मी धावपळ वाचते.

शेवटी मुलं काय शिकली हे कसं तपासायचं? छापील प्रश्नांचे कागद द्यावेत का?

मी देत नाही. बेटाभोवती गोल काढता आला म्हणजे बेट कळलं असं होत नाही. त्यापेक्षा कोरडी वाळू आणि पाणी समोर ठेवून 'डायनासोरला राहायला जागा कर' एवढंच सांगा आणि वहीत मुलाचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. एखादं मूल पाण्याजवळ घरटं करतं आणि मग थांबून ते उंचावर हलवतं. कारण विचारलं तर म्हणतं, 'पूर येतो ना.' तारीख घालून हे वाक्य लिहून ठेवा आणि पालकांना तेच दाखवा.

सगळं झाल्यावर या मातीचं काय करायचं?

चिकणमाती चिंध्यांच्या ओल्या कापडात गुंडाळून घट्ट डब्यात ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते. वाळून दगड झाली असेल तर फोडून पाण्यात भिजत घाला, दोन-तीन दिवसांत पुन्हा मऊ होते. वाळू उन्हात पसरून, चाळून भरून ठेवा. चाळताना मुलांना बरोबर घ्या, कारण जाळीवर हमखास एखादं विसरलेलं हाड राहतं आणि ते कुणाला मिळणार याची त्यांना आधीपासून उत्सुकता असते.